डॉक्टरांचं वाक्य

माझ्या बायकोच्या थोरल्या भावानं मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवेल असा माणूस नागपूरच्या संत्रा मार्केटात मी तरी पाहिलेला नाही. त्यानं मला बोलण्यात फसवलं. माझी बायको आता वाचणार नाही, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं आणि त्यानं ते माझ्यापासून लपवलं. त्याचं म्हणणं असं की लपवलं नाही, सांगितलं होतं. मलाच समजलं नाही. आमच्या दोघांत वाद आहे तो एवढाच, आणि इतकी वर्षं झाली तरी तो मिटलेला नाही. नातेवाईक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. हेही तसलंच बोलणं. गंगेला काही मिळालेलं नाही. सगळं माझ्याकडेच आहे.

हा माणूस मराठीचा मास्तर. आधी शाळेत शिकवायचा, मग कॉलेजात. राहायला धरमपेठेत. रागात मी त्याला ‘तो’ म्हणतो, समोर मात्र आजवर ‘मास्तर’ आणि ‘तुम्ही’ असंच म्हणत आलो. तो मला भाऊजी म्हणतो. त्याच्या बापाची काटोलकडे संत्र्याची बाग होती. दोघं भाऊबहीण त्या बागेतच वाढली. मास्तर पुढे शिकायला नागपूरला आला आणि त्याची भाषा बदलली. बहिणीची बदलली नाही. लग्न होऊन माझ्याकडे आली तेव्हाही ती मले-तुले म्हणायची, आणि मला ते बरं वाटायचं, कारण मीही तसाच बोलतो. हे जे लिहितो आहे ते पुस्तकी आहे. लिहायची भाषा मी वर्तमानपत्र वाचून वाचून शिकलो. मॅट्रिकपर्यंत मी पोचलो नाही.

मी गावाहून आलो तेव्हा मार्केटात टोपल्या उचलायचो. संत्री भरताना खाली गवत टाकतात, त्याच गवतावर झोपायचो. पुढे दलाली केली, मग स्वतःचा गाळा घेतला, सक्करदऱ्याला घर बांधलं. हे सगळं मी जिभेच्या जोरावर केलं असं लोक समजतात. मी तापट आहे, बाजारात माझा आवाज लांबून ऐकू येतो, म्हणून तसं वाटतं. खरं काम बोटांनी होतं.

हत्त्याचा सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव. भोवती गर्दी असली तरी तो आकडा त्या दोघांनाच कळतो. तोंडं मात्र चालूच असतात. माल नाही बाप्पा, सोनं हाय सोनं. लेकरावानी वाढवली बाग. साखर लाजन अशी गोडी. घेणाराही मागे राहत नाही. सोनं असन तर सराफ्यात ने, इथं काहून आणलं? हे सगळं वरचं बोलणं. त्याला खोटं म्हणून कोणी रागावत नाही आणि खरं म्हणून कोणी एक पैसा जास्त देत नाही. ते ऐकायचं, हसायचं आणि सोडून द्यायचं. खरं काय ते दुपट्ट्याखाली.

या सौद्याचा एक कायदा आहे. लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. समोरच्यानं आकडा चुकीचा धरला हे तुमच्या ध्यानात आलं, तर हात सोडायचा नाही. पुन्हा दाबायचं. त्याला बरोबर कळेपर्यंत दाबायचं. त्याच्या चुकीचा फायदा घेऊन जो हात काढतो, त्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कोणी हात घालत नाही.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही रविवारी मास्तरांकडे जेवायला जायचो. आम्हाला मूल नव्हतं, दोघंच होतो, सायकलरिक्षा करून जायचो. मास्तर परीक्षेचे पेपर तपासत बसलेले असायचे. एकदा त्यांनी एका पोराचं उत्तर वाचून दाखवलं. रूपकाचं उदाहरण द्या असा प्रश्न होता आणि पोरानं लिहिलं होतं, आईचं काळीज म्हणजे समुद्र.

मी विचारलं, “मास्तर, तुम्ही समुद्र पाह्यला काय?”

“नाही.”

“या पोरानं?”

“नागपूरचा मुलगा आहे, भाऊजी. फुटाळा तलाव पाहिला असेल.”

“मंग फुटाळा म्हणा ना. न पाहिलेल्या मालाचा सौदा काहून करता?”

बायको आतून म्हणाली, “त्याईले कशाचंबी मोल लावल्याबिगर घास नाही गिळत, दादा. तू नको लागू त्याईच्या नादाले.”

पण मास्तर नादी लागले. त्यांना शिकवायची हौसच होती. म्हणाले, जी गोष्ट हातात सापडत नाही तिला ओळखीच्या गोष्टीचं नाव द्यायचं, म्हणजे ती थोडी हातात येते. माया दिसत नाही, समुद्र दिसतो. मी म्हटलं, ठीक. पण जी गोष्ट आधीच हातात आहे, जिला स्वतःचं नाव आहे, तिला दुसरं नाव कशाला? चेहऱ्याला चंद्र कशाला?

“त्यानं ती सुंदर होते.”

“आमच्यात त्याले वरच्या थराले चांगला माल लावणं म्हणतात.”

मास्तर खूप हसले. चष्मा काढून डोळे पुसले. पुढे कॉलेजात ही गोष्ट ते मुलांना सांगायचे म्हणे. त्या काळात आमच्यात काही वाईट नव्हतं, हे नमूद करून ठेवतो. नाहीतर ते म्हणतील की भाऊजींचा पहिल्यापासूनच आकस होता.

दुखणं सुरू झालं ते दिवाळीच्या सुमाराला. आधी जेवण कमी झालं, मग पोट दुखायला लागलं. ती म्हणायची, “पोटात कोणी ओला कपडा पिळून राहिलं.” दुसऱ्या दिवशी म्हणायची, “आज पीळ नाही. आज निखारा ठेवल्यावानी हाय.” मी ओवा आणला, हिंग आणलं, वैद्याचा काढा आणला. शेवटी दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर तिला विचारायला लागले, कसं दुखतं? टोचल्यासारखं, जळल्यासारखं, की ओढल्यासारखं?

मला राग आला. मी म्हटलं, “दुखते म्हणते ना ते. आता त्याचा नमुना कुठून आणू?”

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. “थांबा जी. मले सांगू द्या.” आणि तिनं ओल्या कपड्याचं सांगितलं, दोन्ही हातांनी पिळून दाखवलं, कुठून सुरू होतो आणि कुठं जाऊन थांबतो ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली, पोट दाबून पाहिलं आणि तपासण्या लिहून दिल्या.

हे मी मास्तरांच्या बाजूनं सांगतो आहे. त्या दिवशी मला पटलं की उपमेशिवाय काही गोष्टी बोलताच येत नाहीत. दुखण्याला दुसरा शब्द नाही. ते ज्याचं त्याच्या आत असतं. बाहेर काढून ओट्यावर मांडता येत नाही, वजन करता येत नाही. तिच्याजवळ पिळलेला कपडाच होता, तो तिनं दिला, आणि डॉक्टरांना त्यावरून जे कळायचं ते कळलं. ती सजवून बोलत नव्हती. तिचं म्हणणं जसं होतं तसं पोचवायला दुसरा रस्ता नव्हता. पण डॉक्टरांना जे कळलं, त्याला शब्द होता. साधा शब्द. तो त्यांनी वापरला असणार.

तपासण्यांचं सांगायला बोलावलं तेव्हा थंडीचे दिवस होते. मास्तर सोबत होते. इंग्रजी कळणारा माणूस असलेला बरा, म्हणून मीच त्यांना बोलावलं होतं. बाहेरच्या बाकावर तिला बसवत नव्हतं. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि मी तिला घोट घोट पाणी देत होतो. आतून कोणीतरी म्हणालं, घरातलं एकजण आत या. मी उठलो असतो तर ती कलंडली असती. मास्तर उठले.

ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता.

मी विचारलं, “काय म्हणाले?”

“घरी न्यायला सांगितलं आहे. घरीच आनंदात ठेवा म्हणाले.”

आम्ही तिला घरी आणलं. दवाखान्यात ठेवून घेतलं नाही, म्हणजे तेवढं मोठं काही नसावं, असं मी धरलं. कोणीही तेच धरलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मार्केटात आले. ते तिथे कधी येत नसत. पांढरा सदरा, हातात पिशवी, आणि चहूकडे ओरडा चाललेला. माझ्या गाळ्यासमोर माल उतरत होता. ते ढिगाच्या बाजूला उभे राहिले.

“भाऊजी, थोडं बोलायचं होतं.”

“बोला ना.”

“इथं नको.”

“इथंच बोला मास्तर. माल उतरून राहिला, मी हललो तर हे लोक दगड भरतीन टोपल्याईत.”

ते थोडा वेळ संत्र्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “भाऊजी, झाडानं पानं टाकायला सुरुवात केली आहे.”

मी हमालाला हातानं थांबवलं. “तिचं म्हणता?”

“हो.”

आता इथे बागेची एक गोष्ट सांगावी लागेल. संत्र्याचा बहार धरायचा असला की झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. थंडीत हे करतात. झाडाची पानं पिवळी पडतात, मलूल होतात, बरीचशी गळून जातात. परका माणूस पाहील तर म्हणेल, बाग गेली. मग पाणी सोडायचं. पाणी सोडलं की तेच झाड पालवतं, फुलांनी पांढरं होतं आणि मग फळ धरतं. पानं टाकली नाहीत तर बहार नीट येत नाही. मास्तर मला हे बोलले तेव्हा काटोलपासून वरुडपर्यंतच्या बागा ताणावर होत्या. मी आठच दिवसांपूर्वी पाहून आलो होतो. पिवळी पानं खाली पडलेली आणि शेतकरी खुशीत.

म्हणून मी म्हटलं, “टाकू द्या मास्तर. ताणावर आहे ते. आता पाणी सोडू. फुटन.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय समजलो ते त्यांना कळलं. हे मी अंदाजानं सांगत नाही. आयुष्यभर मी समोरच्याच्या तोंडाकडे पाहून त्याला काय कळलं आणि काय नाही हे ओळखत आलो. माझं पोट त्यावर चालतं. त्यांना कळलं. त्यांनी ढिगातलं एक संत्रं उचललं, हुंगलं, परत ठेवलं. “हं. बघू,” म्हणाले आणि पिशवी सावरत निघून गेले.

बाजारात याला हात सोडणं म्हणतात. मी चुकीचं धरलं होतं. त्यांनी पुन्हा दाबायला पाहिजे होतं. म्हणायला पाहिजे होतं, नाही भाऊजी, तसं नाही. एवढं तरी.

त्या झाडावर मी पुढे फार विचार केला. मास्तरांना त्या झाडाची फक्त वाळलेली पानं पाहिजे होती. तेवढीच तोडून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पण झाड असं अर्धं येत नाही. माझ्याकडे ते मुळासकट आलं, आळ्यासकट, पाण्यासकट, पुढच्या फुलांसकट. उपमेचा हाच धोका आहे. देणाऱ्यानं किती दिलं आणि घेणाऱ्यानं किती उचललं, याचं माप कुठेच होत नाही. समुद्र म्हटलं तर एकाला माया दिसेल, दुसऱ्याला खारं पाणी. आणि नंतर दोघंही म्हणू शकतात, मी तर बरोबरच बोललो होतो.

मी पाणी सोडायला लागलो. दोन वेळा दूध, बदाम, खारीक. तिची बाज सकाळी अंगणातल्या उन्हात, दुपारी सावलीत. तिला खाण्याची इच्छा नसायची, मी बळं खाऊ घालायचो. ती म्हणायची, “पुरे जी आता. घशाखाली नाही जाऊन राहिलं.” मी रागवायचो. थोडा काळ तिला बरं वाटलंही. चेहऱ्यावर जरा तेज आलं, एकदा उठून तिनं भाकरी थापली. मास्तर आता रोज यायचे. कॉलेज सुटलं की सरळ सक्करदऱ्याला. बहिणीजवळ बसायचे, तिला काहीबाही वाचून दाखवायचे. मी आलो की बोलणं थांबायचं.

मग मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात धरलेला, माल निघायची वेळ झाली. बागांवर जावं लागणार होतं. मी जायचं टाळत होतो. तीच म्हणाली, “जा ना जी. बहार कोणाची वाट पाह्यते?”

“तुले असं टाकून?”

“मी काय पळून जाऊन राहिली? दादा आहे ना. तुमी जा.” आणि मी पायात चपला घालत असताना म्हणाली, “डोक्याले रुमाल बांधा. ऊन व्हायलं आता.”

मास्तर फाटकापर्यंत आले. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते फाटकापर्यंत आले. मला म्हणाले, “सावकाश या, भाऊजी. मी आहे इथं.”

सावकाश या.

वरुडकडे मी बागांमागून बागा पाहत हिंडलो. काही शेतकऱ्यांनी थंडीत ताण देऊन आंबिया बहार धरला होता. त्यांच्या बागांना पाणी सोडून झालेलं, झाडं पांढरी झालेली. पाहून मला बरं वाटलं होतं, एवढं आठवतं. एका बागेत हत्ता चालू असताना नागपूरहून आलेला ट्रकचा ड्रायव्हर शोधत शोधत आला. म्हणाला, मास्तरनं सांगतलं, घरी या म्हणा.

“काहून?”

“ते नाही सांगतलं. या म्हणाले फक्त.”

त्याच्याच ट्रकमध्ये बसून मी आलो. ड्रायव्हर वाटेत दोनदा थांबून चहा प्यायला. मीही प्यायलो. त्यालाही माहीत नव्हतं, किंवा असेल.

फाटकाशी लोक होते. मास्तर पुढे आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “भाऊजी, पाखरू उडून गेलं.”

मी विचारलं, “कोणतं पाखरू?”

हा प्रश्न मी टोमणा म्हणून विचारला नव्हता. मला खरंच कळलं नाही. घरात आम्ही पाखरू पाळलेलं नव्हतं. मी उन्हातून, धुळीतून आलो होतो, डोकं बधिर झालं होतं, आणि हा माणूस मला पाखराचं सांगत होता. त्याच्या मागे अंगणात बायका बसलेल्या दिसल्या तेव्हा कळलं. मग मी त्याच्या सदऱ्याला हात घातला. सदरा फाटला. शेजाऱ्यांनी मला मागे ओढलं.

एक म्हातारी म्हणाली, “सोनं झालं बाईचं. कुंकवानं गेली.” दुसरी म्हणाली, “देवाघरी गेली, चांगली जागा भेटली.” कोणी म्हणालं सुटली, कोणी म्हणालं आटोपली. मी तिथे भिंतीला टेकून बसलो आणि ऐकत राहिलो. मराठीत मेली असा शब्द आहे. तो आपण म्हशीसाठी ठेवला आहे, मांजरीसाठी ठेवला आहे, बायका एकमेकींना लाडानं किंवा रागानं म्हणतात त्यासाठी ठेवला आहे. जिथे तो लागतो तिथे तो कोणी उच्चारत नाही. त्या सबंध दिवसात एकाही माणसानं माझ्यासमोर तो उच्चारला नाही. शेवटी मीच उच्चारला. भिंतीला टेकून, हळू आवाजात, दोनदा. जवळ बसलेल्या माणसानं मला पाणी दिलं.

त्यानंतरचा काळ सांगण्यासारखा नाही, कारण त्यात काही नाही. लोक म्हणायचे, मन दगडाचं करा. मी माझं मन दगडाचं झालं का ते पाहायचा प्रयत्न केला. दगडाला वजन असतं. मला काही वजन जाणवत नव्हतं. दिवस उगवायचा, मी मार्केटात जायचो, दुपट्टा टाकायचो, बोटं धरायचो, आकडा बरोबर यायचा. घरी येऊन पिठलं करायचो, खायचो. मीठ राहिलं तरी कळायचं नाही. संत्र्यांचा वास येईनासा झाला. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. खरंच वास येत नव्हता. नाकाच्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला, नाकात काही दोष नाही. बाजारातली माणसं म्हणायची, आता हा थंड झाला. मी थंडही नव्हतो. काही लोकांनी तिचं नाव काढून माझ्यासमोर रडून पाहिलं. मी त्यांना चहा दिला.

राग तेवढा शिल्लक होता, आणि तो एकाच माणसावर. दोनेक वर्षांनी मी धरमपेठेला गेलो. मास्तर पुढच्या खोलीत वाचत बसले होते. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, पाणी आणून दिलं.

मी म्हटलं, “मास्तर, त्या दिवशी आत डॉक्टर काय म्हणाले होते?”

“तुम्हाला सांगितलं होतं, भाऊजी.”

“तुम्ही झाडाचं सांगतलं होतं. डॉक्टरले झाडाचं काय समजते? तो काय म्हणाला ते सांगा.”

“ते इंग्रजीत बोलले.”

“मंग इंग्रजीत सांगा.”

“तुम्हाला…”

“मले समजन का नाही ते मी पाहीन. धरमपेठेत शिकलेल्या लोकाईची काय कमी आहे? दाराबाहेर उभं राहून कोणालेबी विचारीन.”

वहिनी म्हणाल्या, “चहा ठेवू का?”

“ठेवा.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं. “अशा गोष्टी कोणी उघड्या शब्दांत सांगत नाही. माणसाला धक्का बसतो. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही दवाखाना डोक्यावर घेतला असता, तिच्यासमोर घेतला असता.”

“घेतला असता. माझा धक्का होता तो, मास्तर. तुम्ही काहून ठेवून घेतला?”

“पानं टाकली म्हटल्यावर कोणालाही कळेल.”

“कोणालेबी कळन. कॉलेजातल्या पोराईले कळन. मले सांगतलं तुम्ही, संत्र्याच्या माणसाले. आणि सांगणारे तुम्ही, बागेत वाढलेले. पानं टाकलेलं झाड तुमच्या बापानं कधी तोडलं काय?”

ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. मी म्हटलं, “मी फुटन म्हणालो. तुम्ही ऐकलं. ऐकलं का नाही?”

“ऐकलं.”

“मंग?”

त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग मास्तर म्हणाले, “मले नाही बोलता आलं गा.”

इतक्या वर्षांत ते माझ्याशी अशा भाषेत कधी बोलले नव्हते. वहिनी दारात उभ्या होत्या, त्याही थांबल्या. दुसऱ्या कोणाला तेवढ्यानं पुरलं असतं. मला नाही पुरलं. मी म्हटलं, “काय नाही बोलता आलं? तेच बोला आता. आता तर तुमची बहीण नाही. कोणाले धक्का बसन?” मास्तर उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी चहा न घेता निघालो.

वहिनी माझ्या मागे फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, “भाऊजी, एक सांगू? नणंदबाईले त्याईनं सांगतलं होतं. तिनंच विचारलं, दादा खरं सांग म्हणून. दार लावून बसले होते दोघं. मंग तुमी बागेवर गेले ना, त्याच्या आधीची गोष्ट.”

काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, ते वहिनींना माहीत नव्हतं. दार लावलेलं होतं.

त्या दिवसापासून मी मास्तरांकडे गेलो नाही, तेही आले नाहीत. मध्यंतरी ते निवृत्त झाले. अजून वाचतात, मराठीत छापलेलं काही सोडत नाहीत असं ऐकतो. म्हणून हे लिहिलं. त्यांनी हे वाचावं आणि उत्तर द्यावं.

मास्तर, माझ्याशी केलं ते केलं. तिच्याशी काय बोललात ते सांगा. तिलाही झाडच सांगितलं असेल, तर ती तुमच्याच बागेत वाढलेली. तीही माझ्यासारखी फुटण्याची वाट पाहत राहिली असेल आणि म्हणून मला हसत बागेवर पाठवलं असेल. मग तुम्ही दोघांना फसवलं. आणि तिला साध्या शब्दांत सांगितलं असेल, तर ते साधे शब्द तुमच्याजवळ होते, तुमच्या तोंडातून निघत होते, तिला दिलेत आणि मला दिले नाहीत. मग तिनं मला जा म्हटलं ते सगळं माहीत असून म्हटलं. या दोन्हींतलं खरं कोणतं, ते माहीत असलेला माणूस आता तुम्ही एकटेच.

डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही तिला काय सांगितलं, आणि ऐकून ती काय म्हणाली. तिचं जसंच्या तसं सांगा, तिच्याच भाषेत. उपमा नको. मी सक्करदऱ्याला त्याच घरात आहे. इथं येऊन सांगा.